मोरीतला सोफा

सोफा पहिल्यांदा दिसला तो अस्मिताला. सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता ती बाल्कनीच्या कठड्यावरून वाकली आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अहो, खाडीत कुणीतरी बसायची सोय केलीय."

आतला माणूस म्हणजे तिचे यजमान, अंकुश गमरे. एका विमा कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसात क्लेम विभागात साहेब. तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेतच ते बाहेर आले, आणि पाहतात तो खरोखरच सोफा. तीन माणसांचा, मरून रेक्झिनचा, चांगला ऐसपैस. आता फक्त पाहुणे यायचे बाकी.

उलव्यातल्या 'क्रीक पॅरडाइज' सोसायटीत नवव्या मजल्यावर गमरेंनी फ्लॅट घेतला तोच मुळी या खाडीसाठी. बिल्डरच्या माहितीपत्रकात खाडी निळी होती. प्रत्यक्षात ती भरतीला चहासारखी आणि ओहोटीला चहा गाळून उरलेल्या चोथ्यासारखी दिसे. पण गमरेंचा तिच्यावर जीव होता. गावाकडचे, खेडचे पाहुणे आले की लोक आधी हॉल दाखवतात. गमरे आधी बाल्कनी दाखवत. "हा सर्व्हिस रोड. रोडच्या पलीकडे खाडी, अलीकडे हे कांदळवन. आणि रोडखाली ती मोरी दिसते ना, तिच्यातून भरतीचं पाणी दिवसातून दोनदा झाडांना भेटून जातं," हे ते इतक्या अभिमानानं सांगत की ही व्यवस्था गमरेंनीच वशिला लावून करून घेतली असावी असं पाहुण्यांना वाटे.

सोफा नेमका त्या मोरीच्या तोंडात बसला होता. कुणीतरी टेम्पोतून खाडीत लोटून दिला असणार, आणि भरतीनं तो आणून बाटलीला बूच मारावं तसा मारला होता.

पहिले काही दिवस मजेत गेले. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, त्याखाली 'सी-फेसिंग हॉल, फर्निचरसकट' असा विनोद आला, त्याखाली हसणारे चेहरे आले आणि विषय पाणी कपातीकडे वळला. सोफा मात्र कुठंच वळला नाही. त्याच्या पाठीशी थर्माकोल येऊन साचलं. मग बाटल्या, चपला, निर्माल्याच्या पिशव्या, आणि एक जिवंत असावं असं वाटणारं प्लास्टिकचं बदक. अलीकडे कांदळवनात पाणी जायचं थांबलं. तिथला चिखल आधी वाळला, मग तडकला, मग तिवराची पानं पिवळी पडायला लागली. मध्येच एका खड्ड्यात अडकलेलं पाणी कुजलं आणि त्याचा वास लिफ्टनं यावा तसा थेट नवव्या मजल्यावर आला. अस्मितानं बाल्कनीचं दार लावून घेतलं.

खालच्या कोळीवाड्यातली रखमा रोज त्या चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या, म्हणजे खेकडे आणि चिखलातले मासे, धरायला यायची. एका सकाळी गमरे फिरायला निघाले तर ती रिकामी टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली.

"काय बाई, आज काही नाही मिळालं?"

"कुठशी मिलंल? आत पानीच नाय. निवट्या सुकून मेल्या समद्या." तिनं सोफ्याकडं हनुवटी केली. "त्यो काडताव काय कोनी? नुस्ते फोटो काडताव."

शेवटचं वाक्य गमरेंना लागलं, कारण पहिला फोटो त्यांचाच होता.

घरी आल्यावर ते अस्मिताला म्हणाले, "एक सोफा तर आहे. रविवारी चार जण उतरू, ओढून काढू. तासाभराचं काम."

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात आजवर जेवढ्या आपत्ती आल्या, त्या सगळ्या 'तासाभराचं काम' या शब्दांनीच आत आल्या आहेत. अस्मिता शाळेत शिक्षिका असल्यामुळं तिला हे ठाऊक होतं. ती नुसती "हं" म्हणाली. पण त्या 'हं'मध्ये बराच मजकूर होता.

चार जण जमवण्यासाठी गमरेंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी नंदकुमार देवस्थळी बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करत होते.

"काढायचा, कबूल," देवस्थळी चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "काढून ठेवायचा कुठं?"

"रस्त्याच्या कडेला."

"म्हणजे आपल्या गेटसमोर. गमरेसाहेब, खाडीत आहे तोवर तो खाडीचा सोफा आहे. गेटसमोर आला की सोसायटीचा झाला. उद्या डास झाले, नोटीस कुणाला? परवा त्यावर कुणी बसलं आणि पडलं, जबाबदार कोण? मी."

"मुळात काढायचाच कशाला?" तिसऱ्या मजल्यावरच्या गीतांजली सबनीस उठल्या. त्या पक्ष्यांचे फोटो काढत. त्यांनी मोबाइल सगळ्यांसमोर फिरवला. सोफ्याच्या पाठीवर एक निळाशार खंड्या पक्षी बसला होता, एखाद्या घरमालकासारखा. "निसर्गानं त्याला स्वीकारलंय. हा फोटो मी स्पर्धेला पाठवतेय. निकाल लागेपर्यंत तरी कुणी हात लावू नका."

"आणि कांदळवन म्हणजे कायदा आला," देवस्थळींनी शेवटचा घाव घातला. "तिवराचं पान मोडलं तरी गुन्हा. परवानगीशिवाय उतरलात तर सोफा बाजूला राहील, तुम्ही आत जाल. आधी अर्ज."

चार माणसांच्या ऐवजी गमरेंना चार सल्ले मिळाले. पण शेवटचा त्यांना मनापासून आवडला. अर्ज! उभी हयात त्यांनी लोकांचे अर्ज वाचण्यात, त्यातल्या उणिवा काढण्यात आणि 'सोबत कागदपत्रं जोडलेली नाहीत' असा शेरा मारण्यात घालवली होती. अर्ज कसा नसावा हे त्यांच्याइतकं पनवेल तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल. त्यांनी रविवार घालवून एक अर्ज केला. 'विषय : मोरीच्या मुखात अडकलेला सोफा काढण्यास परवानगी मिळणेबाबत.' चार बाजूंनी फोटो, नकाशा, आणि नकाशात सोफा लाल शाईनं. अस्मितानं वाचून सांगितलं, की या अर्जावर कुणी मुलगीसुद्धा देईल.

पहिल्या कार्यालयात साहेबांनी अर्ज वाचला, नकाशा उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "सोफा रस्त्यावर आहे?"

"रस्त्याखाली आहे."

"मग आमचा नाही. आमच्याकडे फक्त वरचा भाग."

दुसऱ्या कार्यालयाकडे पाणी होतं. त्यांचं म्हणणं, सोफा म्हणजे पाणी नव्हे. तिसऱ्याकडे झाडं होती. तिथल्या बाई फार सहानुभूतीनं बोलल्या. "काका, तुमची तळमळ कळते. पण सोफा लाकडाचा असला तरी झाड नाही ना." चौथ्याकडे कचरा होता. तिथं गमरेंची आशा पालवली, पण खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "ओला की सुका?"

भरतीला तो ओला होता, ओहोटीला निम्मा सुका होता. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापाशी एखाद्या रकान्यात भरायला उत्तर नव्हतं. स्वतःच्या ऑफिसात त्यांना पाहून लोक खुर्चीतून अर्धे उठत. इथं शिपाई त्यांना "ओ अंकल, लाइन तिकडून" म्हणाला, आणि अंकल तिकडून गेले.

शेवटी एका कार्यालयानं पाहणी करायचं कबूल केलं. गमरेंनी रजा टाकली. पाहणीला दोन साहेब आले, एक मोजपट्टी आली आणि त्यांच्या आधी भरती आली. मोरीच्या कमानीपर्यंत पाणी चढलं होतं.

"सोफा कुठाय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पाण्याखाली."

"म्हणजे दिसत नाही."

"आत्ता नाही दिसत. ओहोटीला दिसतो."

"पण आम्ही आत्ता आलोय," साहेब म्हणाले, आणि यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. यथावकाश गमरेंना उत्तर मिळालं : 'समक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी सोफा आढळून आला नाही. पाणी आढळून आले. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

गमरेंनी ते दोनदा वाचलं. रागापेक्षा त्यांना कौतुकच जास्त वाटलं. एवढं बिनचूक उत्तर त्यांनासुद्धा लिहिता आलं नसतं. मग राग आला. त्यांनी फेरपाहणी मागितली. पण ओहोटी काही कार्यालयीन वेळेत बसेना. एकदा बसली ती जेवणाच्या सुट्टीत. एकदा बसली ती दुसऱ्या शनिवारी. "तुम्ही सोफा वर्किंग डेला दाखवा, आम्ही लगेच येतो," साहेब फोनवर म्हणाले.

तोवर कांदळवनाची कड पार तपकिरी झाली. एक दिवस लिफ्टमध्ये गीतांजलीबाई भेटल्या. त्यांचा चेहरा उतरलेला.

"खंड्या येईनासा झालाय हो," त्या म्हणाल्या. "खायला काही उरलंच नाही त्याला. स्पर्धा गेली खड्ड्यात. काढा तो सोफा. मी आहे तुमच्याबरोबर."

अशा रीतीनं गमरेंच्या बाजूला पहिलं माणूस आलं. आणि दुसरं जे आलं त्यानं सगळी बाजूच ताब्यात घेतली.

बाजीराव जगदाळे यांचे कळंबोलीला ट्रक होते, क्रेनी होत्या, आणि त्यांचं येत्या निवडणुकीत उभं राहायचं पक्कं ठरलं होतं. कुठल्या निवडणुकीत, एवढंच ठरायचं होतं. गीतांजलीबाईंनी कुठंतरी टाकलेली सोफ्याची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते दोन गाड्या घेऊन थेट गमरेंच्या हॉलमध्ये आले. बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, चहा घेतला, बाल्कनीत गेले.

"ह्यो का? एवढ्यासाठी तुमी हापिसं झिजवली, सायेब? आमचा हायड्रा, ती छोटी क्रेन, लावतो, पाच मिनिटात वर. परवानगीचं टेन्शन घ्यायचं न्हाई." त्यांनी तिथूनच एक फोन केला. फोनवर ते फक्त "हां... हां... व्हय... रविवार" एवढंच बोलले. परवानगी आली. आपल्या चारपानी अर्जापेक्षा या चार शब्दांत काय जास्त होतं, यावर गमरेंनी नंतर बराच विचार केला.

"फक्त एक करू," बाजीराव निघता निघता म्हणाले, "नुसता सोफा नको. अभियान करू."

रविवारी सकाळी सर्व्हिस रोडवर मांडव होता. 'खाडी बचाव महाअभियान' असा एवढा मोठा फ्लेक्स होता, की त्याच्यामागं खाडी दिसत नव्हती. फ्लेक्सवर बाजीराव काळा चष्मा लावून फोनवर बोलत होते. तळाशी लिंबाएवढ्या गोलात गमरेंचा पासपोर्ट फोटो, आणि खाली : 'मा. श्री. अंकुशजी गमरे (सोफाप्रमुख)'.

झालं होतं असं, की छापणाऱ्यानं "हे कशाचे प्रमुख?" असं विचारलं आणि बाजीरावांचा माणूस म्हणाला, "ते सोफ्याचं बघतात."

"विहारात आज सगळे विचारतील, अंकुश का आला नाही," अस्मिता फ्लेक्सकडे बघत म्हणाली. "काय सांगू?"

"काही सांगू नकोस," गमरे म्हणाले.

गर्दी झकास जमली. सगळ्यांना पांढरे टी-शर्ट, टोप्या आणि हातमोजे मिळाले. प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांतून पाणी मिळालं. बंदी असलेल्या थर्माकोलच्या डिशमधून उपमा मिळाला. माइकवर एकजण प्लास्टिकचे दुष्परिणाम सांगत होता. पिवळा हायड्रा रस्त्याच्या कडेला सोंड लोंबकळत ठेवून उभा होता. आता प्रश्न एकच होता : सोफ्याला दोर कोण बांधणार?

"सोफाप्रमुख!" माइक म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

रखमाचा नवरा गंगाराम होडी घेऊन तयार होता. गीतांजलीबाई धावत आल्या. "गमरे, थांबा! माझ्या मोबाइलवर भरती आत्ताच सुरू होतेय."

गंगाराम हसला. "मोबाइलला काय ठावं? भरतीला लय टाइम हाय. माजा जलम खाडीन गेला. बसा सायब."

पिढीजात कोळी आणि परवा घेतलेला मोबाइल यांच्यात गमरेंनी कोळी निवडला. कुणीही हेच केलं असतं. होडीनं त्यांना सोफ्यापाशी सोडलं. घोट्यापर्यंत चिखल होता. गमरेंनी सोफ्याच्या उजव्या हाताला दोर बांधला, अगदी निरगाठ. वरून बाजीरावांची हाक आली, "सायेब, जरा बसा की! एक फोटो!"

नाही म्हणता आलं असतं. पण वर बाजीरावांनी आणलेला ड्रोन घोंघावत होता, गर्दी बघत होती, आणि इतक्या महिन्यांच्या अपमानानंतर कुणीतरी आग्रहानं 'बसा' म्हणत होतं. गमरे बसले. सोफा पाच बोटं खाली गेला. गमरेंचे पाय मात्र थांबले नाहीत, ते गुडघ्यापर्यंत गेले. फोटो निघाला. गमरे उठायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की कमरेच्या वरचे गमरे उठताहेत, खालचे नाही.

तेवढ्यात हायड्रानं दोर ओढला. काडकन आवाज झाला आणि सोफ्याचा उजवा हात, नुसता हात, दोरासकट हवेत गेला आणि मांडवाच्या छपरावर पडला. माइक थांबला. उपमा थांबला. गमरे सोफ्यावरच राहिले, आणि त्यांच्या गुडघ्यांना काहीतरी गार लागलं.

पाणी.

"गंगाराम!" गमरे ओरडले. गंगाराम उपम्याच्या रांगेत होता. तो पळत आला, पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज सप्तमी ना?"

"पंचमी!" वरून देवस्थळी म्हणाले.

"पंचमी?" गंगारामनं कपाळाला हात लावला. "मंग पानी बराबर हाय. मीच चुकलू."

ही कबुली मोठ्या मनाची होती, पण तोवर पाणी मांडीपर्यंत आलं होतं. गंगारामनं होडी आणून गमरेंना काखेत धरून ओढलं. होडी सरकली, गमरे नाही. देवस्थळी रस्त्यावरून सूचना देत होते : "श्वास रोखून धरा! नको, सोडा! पाय सायकलसारखे फिरवा!" माइकवाला "कुणीही घाबरून जाऊ नये" असं सांगून सगळ्यांना घाबरवत होता. आणि कठड्याशी अस्मिता उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्याकडे पाहिल्यावर गमरेंना पहिल्यांदा खरी भीती वाटली. या पाण्याला आपण बाल्कनीतून इतकी वर्षं पाहतोय, आणि हे आपल्याला ओळखतसुद्धा नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

"मोठे पट्टे टाका खाली!" अस्मिता हायड्राच्या ड्रायव्हरवर ओरडली. वर्गावर ओरडायचा तिचा आवाज. "माणूस सुटत नाही ना, मग सोफ्यासकट उचला!"

दोन पट्टे खाली आले. गंगाराम आणि रखमा छातीभर पाण्यात उतरले, सोफ्याच्या पोटाखालून पट्टे ओढून घेतले, आकड्यात अडकवले. रखमानं गमरेंचे हात धरून सोफ्याच्या पाठीवर दाबले. "सोडू नका, सायब. सोडलाव तं तुमी हितं आनि सोफा वर."

हायड्रा गुरगुरला. पट्टे ताणले. आधी काहीच झालं नाही. मग खाडीच्या पोटातून, ताकाच्या डेऱ्यातून रवी उपसावी तसा, एक लांबलचक 'पच्चाक' आवाज आला आणि सोफा गमरेंसकट वर निघाला. चपला खाडीनं ठेवून घेतल्या.

उलव्याच्या लोकांनी तोवर विमानं उडताना पाहिली होती. मरून रेक्झिनच्या सोफ्यावर एक चिखलानं माखलेले गृहस्थ, डोळे गच्च मिटून, हळूहळू गोल फिरत उडताहेत, हे प्रथमच पाहिलं. सोफा रस्त्यावर आला तसा त्याच्या फाटक्या पोटातून पाण्याचे लोट सुटले आणि त्याबरोबर चिंबोऱ्या. मोठ्या, रागावलेल्या, नांग्या उभारलेल्या. त्यातल्या काही थेट व्यासपीठावर उतरल्या. बाजीरावांच्या पांढऱ्या झब्ब्याला एकीनं जी मिठी मारली, ती सोडवायला दोन कार्यकर्ते लागले. रखमा आणि तिच्या बायका टोपल्या घेऊन धावल्या. अभियानाला प्रतिसाद असा एवढाच उत्स्फूर्त मिळाला.

पण त्याच वेळी मोरीतून आवाज येऊ लागला. इतके महिने अडलेलं पाणी घुसळत आत शिरलं. तडकलेल्या चिखलावरून ते पसरत गेलं, एकेका तिवराच्या मुळाशी पोचलं, आणि कोरड्या भेगांतून बुडबुडे आले. गमरे सोफ्यावरून उतरले नव्हते; उतरायचं भानच नव्हतं. ते वळून बघत होते.

हे सुख फार वेळ टिकलं नाही. कारण पाण्यामागोमाग सोफ्यामागं साचलेला सगळा ऐवजही आत चालला होता. थर्माकोल, बाटल्या, चपला, निर्माल्य, सगळ्यात पुढं ते बदक. बघता बघता अख्खं कांदळवन पांढऱ्या-निळ्या प्लास्टिकनं भरून गेलं, आणि सकाळच्या वाऱ्यानं उपम्याच्या डिशही उडत उडत त्यांना जाऊन मिळाल्या.

"झकास झालं! एक नंबर!" बाजीराव झब्बा झाडत म्हणाले. त्यांच्या दोन गाड्या निघाल्या, हायड्रा निघाला, गर्दी निघाली. फ्लेक्स राहिला. त्याच्याखाली गमरे राहिले. अनवाणी, चिखलाचे, सोफ्यावर बसलेले.

"बसून काय ऱ्हायलाव?" रखमा आतून ओरडली. ती केव्हाच कांदळवनात शिरून बाटल्या गोळा करत होती. "तुमीच सोडलाव ह्यो कचरा. या आता."

वाक्य जिव्हारी लागणारं होतं आणि शंभर टक्के खरं होतं. गमरे उठले. अस्मितानं साडीचा पदर खोचला. गीतांजलीबाईंनी कॅमेरा गळ्यातून काढून देवस्थळींच्या गळ्यात घातला, आणि देवस्थळी तो सांभाळत कुणी कुठली बाटली आधी उचलावी हे सांगत राहिले. संध्याकाळपर्यंत एक कोपरासुद्धा पुरा झाला नाही.

पुढच्या आठवड्यात गमरेंची जी शोभा झाली, ती सांगण्यासारखी नाही. म्हणजे सगळ्यांनी ती सांगितलीच. ड्रोनवरचा व्हिडिओ ऑफिसात त्यांच्या आधी पोचला होता. क्लेम विभागात कुणीतरी त्यांच्या खुर्चीवर मरून उशी ठेवली. कुठल्याशा चॅनेलनं 'खाडीत फर्निचर टाकणारा इसम क्रेनसह सापडला' असं दाखवलं, आणि खेडहून चुलतभावाचा फोन आला, "अंकुश, पैशाची अडचण असेल तर सांग, पण असं काही करू नको रे." सोफा देवस्थळींच्या भाकिताप्रमाणे गेटसमोरच पडून होता. उन्हात खडखडीत वाळला तेव्हा कचऱ्याची गाडी निमूट घेऊन गेली. आता तो सुका होता.

पुन्हा खाडीचं नाव काढायचं नाही, असं गमरेंनी ठरवलं. पण रविवारी सकाळी बाल्कनीचं दार अस्मितानं उघडलं. वास कमी झाला होता. खाली रखमा वाकून काहीतरी उचलत होती, तिच्या मागं गीतांजलीबाई होत्या. गमरेंनी जुनी पँट शोधली.

मग ते चालूच राहिलं. गंगारामनं त्याची जुनी जाळी मोरीच्या तोंडावर ताणून बांधून दिली. पाणी आणि मासळी जाईल, कचरा अडेल अशी. तिथीची चूक भरून काढतोय, असं तो म्हणे. जाळीत अडकलेलं दर रविवारी उपसायचं. कधी सहा माणसं असत, कधी विहारातली मंडळी येत, कधी नुसते गमरे आणि रखमा. दिवाळीच्या सुमारास तिवराला बोटभर पालवी फुटली. आता देवस्थळी नव्या भाडेकरूंना ती दाखवतात आणि कल्पना मुळात कुणाची, हे सांगत नाहीत.

परवाच्या रविवारची गोष्ट. गमरे मांडीपर्यंतचे गमबूट घालून चिखलात उभे होते. डोक्याला टॉवेल, पाठीवर भरलेलं पोतं, हातात जाळीतून सोडवलेली तुटकी खुर्ची. शेजारच्या नव्या टॉवरच्या बाल्कनीतून एक बाई वाकल्या आणि टाळी वाजवून ओरडल्या, "ओ भंगारवाले! इकडे! एक गादी आणि जुनं कपाट आहे. घेऊन जाता का? नाहीतर रात्री देतो टाकून कुठंतरी!"

रखमानं तोंडात पदर कोंबला. गमरेंचं अंग ताठ झालं. क्लेम विभागातले साहेब, एका सोसायटीचे सन्माननीय सभासद, एका शिक्षिकेचे पती. ही सगळी बिरुदं त्यांच्या घशापर्यंत आली. त्यांनी खुर्ची आणि पोतं खाली ठेवलं. एकदा त्या बाईंकडे पाहिलं. एकदा मोरीकडे पाहिलं, तिच्यातून भरतीचं पाणी शांतपणे आत चाललं होतं. मग टॉवेलानं तोंड पुसून, दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले,

"कितवा मजला, ताई?"